चारही कोपरे

शाळेत मी सव्वीस वर्षं भूमिती शिकवली आणि सव्वीस वर्षं शेवटच्या वर्गाचा निरोपाचा फोटो काढला. दर वर्षी एकच. कॅमेरा लाकडी, तीन पायांवर उभा राहणारा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. त्यात चार बाय पाच इंचांची एक फिल्म बसायची. हल्ली मुलं फोनमध्ये एका मिनिटात वीस फोटो काढतात. माझ्याकडे वर्षाला एक फिल्म असायची आणि तीही शाळेच्या कारकुनाकडून चार वेळा मागून घेतलेली.

आभाळ असलं की कॅमेऱ्याचा डोळा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागे. अर्धा सेकंद म्हणजे किती, असं कोणाला वाटेल. चाळीस मुलांना एकदम स्तब्ध उभं करून बघावं, मग कळतं.

म्हणून माझी एक पद्धत पडून गेली होती. जी मुलं एका जागी टिकत नाहीत ती मधोमध, वर्गशिक्षकांच्या अगदी शेजारी. एकाचा कान आणि दुसऱ्याची कॉलर त्यांच्या हाताशी राहायची. आणि जी मुलं सांगितल्यावर हलत नाहीत, ज्यांच्याकडे बघायचीही गरज नाही, ती रांगेच्या दोन्ही टोकांना. तिथे त्यांना धरायला कोणी नसे. त्यांची ती उभी राहत.

शाळेची नवी इमारत झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी निरोप धाडला की जिन्यासमोरच्या लांब पॅसेजमध्ये सगळ्या वर्गांचे फोटो मोठे करून लावायचेत, निगेटिव्ह द्या. मी सव्वीसच्या सव्वीस बटरपेपरच्या पाकिटांत घालून दिल्या. तीन आठवड्यांनी परत आल्या. प्रत्येक पाकिटावर, दोन्ही टोकांना, लाल पेनानं फुल्या मारलेल्या होत्या. एका फिल्मच्या कडेला तर चिकटपट्टी लावली होती. ती मी पाण्यात भिजवून, दुपारभर बसून सोडवली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. त्याचं वर्गातलं नाव भिंगरी. आता पोट सुटलंय, चष्मा लागलाय, पण खुर्ची अजून गोल फिरणारीच घेतलीय.

"बाई, बसा ना," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"आधी ह्या फुल्या सांग."

त्यानं पाकीट उजेडात धरलं. "अच्छा, ह्या. डिझाइनवाल्यानं केल्यात. फ्रेमा चौकोनी ठरल्यात ना, सगळ्या एका मापाच्या."

"चौरस म्हण. चौकोनी तर ह्या निगेटिव्हही आहेत."

"चौरस," तो लगेच म्हणाला. सवय जात नाही. "दिसायला नीटस दिसतात. त्यात बसवायचं म्हणजे दोन्ही कडांनी थोडं जाणारच. दोन-दोन, तीन-तीन मुलं. कोणाच्या लक्षात येणार आहे, बाई?"

"तुझ्या वर्षाच्या फोटोत तू कुठे आहेस?"

"मध्ये. सरांच्या डाव्या हाताला."

"का?"

त्यानं नकळत कान चोळला. "धरून ठेवलं होतं."

"म्हणजे तू त्रास दिलास म्हणून फोटोत राहिलास. आणि ज्यांनी दिला नाही त्यांना आता कात्री. हे मी होऊ देणार नाही. लागतील तर चारही कोपऱ्यांसकट लागतील, नाहीतर तुझ्या पॅसेजमध्ये तू कुंड्या ठेव."

तो हसला, पण मी हसत नाही हे बघून थांबला. "सुताराला शेवटचं माप दहा तारखेला द्यायचंय," तो म्हणाला. "हे ट्रस्टींच्या पुढे मंजूर होऊन आलंय बाई, मी नुसतं बोलून बदलू शकत नाही. मला काहीतरी दाखवता आलं पाहिजे. एक फोटो पूर्ण, वीस बाय चोवीस इंचांचा, दहा तारखेच्या आत आणून द्या. भिंतीवर लावून बघू. पटलं तर सगळी मापं बदलतो. डिझाइनवाल्याला सांगू का काढायला?"

"त्याच्या हातात आता एकही फिल्म जाणार नाही. मी काढीन."

"तुम्ही?"

"मग काय कॅमेरा आपोआप चालत होता का?"

दहा तारखेला अठरा दिवस होते.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मुलगा जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. "आई, तुझं वय काय?"

"त्र्याहत्तर. दर वर्षी मेणबत्त्या तूच मोजतोस."

"मी एखाद्या चांगल्या ठिकाणी स्कॅन करून आणतो. कोपरे-बिपरे सगळे घेऊन."

"एका चांगल्या ठिकाणाहूनच फुल्या मारून आल्यात."

आमचे हे बाजूला बसून काकडी सोलत होते. ह्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं. हातातली सुरी न थांबवता म्हणाले, "शिवणीत थोडं जातंच की. कडा दुमडल्याशिवाय कपडा होतो का?"

"तुम्ही शर्ट शिवताना एक बाही कापून टाकत होता का?"

"गिऱ्हाईक गप्प बसणारं असलं तर," हे म्हणाले, आणि दोघे बापलेक हसले. मी जेवण उरकलं आणि टेप मागितला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आजवर मी फोटो न्हाणीघरात करत आले, पण निगेटिव्हच्याच आकाराचे. कागदावर फिल्म ठेवायची, वर काच दाबायची, दिवा एक-दोन सेकंद लावायचा. फोटो तेवढाच, चार बाय पाच. त्यात चाळीस चेहरे, एकेक मसुराच्या दाण्याएवढा. मोठा करायचा तर एन्लार्जर लागतो. तो उलटा टांगलेला कॅमेराच असतो म्हणा ना. वर दिवा, दिव्याखाली निगेटिव्ह, तिच्याखाली लेन्स, आणि पार खाली फळीवर कागद. दिव्यापासून लेन्सपर्यंतचं हे डोकं खांबावर जितकं वर न्याल तितकं चित्र मोठं पडतं. ज्यानं भिंतीवर हाताच्या सावल्या पाडल्यात त्याला एवढं समजेल.

आमच्याकडे रिकामी अशी एकच खोली, माळ्याखालची. तिथे जुन्या बॅगा आणि एक मेलेला पंखा होता. ह्यांनी फरशीपासून माळ्यापर्यंत टेप लावला. "चौऱ्याऐंशी इंच," हे म्हणाले. "पाव इंच कमीच धर. आणि दार त्याहून बुटकं, आत जाताना आधी मान खाली घाल."

शहरातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. वयस्कर स्टुडिओवाले आणि त्यांची लेक मिळून सामान काढत होते. उरलेलं शुक्रवारी भंगारवाला नेणार, असं कळलं. आम्ही तिघं मुलाच्या गाडीतून बुधवारी सकाळीच गेलो. मी माझी एक निगेटिव्ह बरोबर घेतली होती, भिंगरीच्याच वर्षाची. ती मुद्दामच निवडली होती.

आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन यंत्रं उभी होती. एक लहान, सडपातळ, टेबलावर मावेल असं. दुसरं माणसाएवढं, काळं, खांब मनगटाएवढा जाड.

"बाईंना हे धाकटं पुरे," स्टुडिओवाले म्हणाले. ऐंशीच्या पुढचे असतील, पण आवाज खणखणीत. त्यांनी आपली एक छोटी निगेटिव्ह घालून दिवा लावला. खाली एका बाळाचा चेहरा उमटला, झकास, पापणीचा केस दिसेल असा.

"माझी घालून दाखवा," मी म्हटलं.

"तुमची ह्यात नाही मावत. मधला भाग तेवढा येईल."

"मग हे मला नको."

मुलानं मागून माझ्या खांद्याला हात लावला. "आई, दोन तुकड्यांत करून जोडता येईल."

"मुलं आहेत ती. चादर नाही." हे ऐकून आमचे हे खोकले; खोकल्याआड हसत होते.

मोठ्या यंत्रात माझी निगेटिव्ह बसली. जणू तिच्याच मापानं खाच केली होती. दिवा लागला आणि फळीवर वर्ग उभा राहिला. निगेटिव्ह म्हणजे सगळं उलटं: केस पांढरे, चेहरे काळे, सदरे काळे. तरी मी सर ओळखले, सरांच्या हातातला कान ओळखला. पण जसजशी नजर कडेला गेली तसतसं चित्र फिकं पडत संपून गेलं. मधे गोल उजेड आणि चारही कोपऱ्यांत काहीच नाही. बोगद्याच्या आतून बाहेर बघावं तसं.

"कोपरे कुठेयत?" मी विचारलं.

"कोपरे असे जातातच थोडे," स्टुडिओवाले म्हणाले. "कुठल्याही यंत्रात जातात. म्हणून तर कडा कापायच्या." त्यांनी कोपऱ्यातल्या कातरयंत्राकडे बोट केलं. त्याची लाकडी मूठ हातानं घासून घासून मधे खोल गेली होती. "चाळीस वर्षं ह्याच यंत्रावर अर्ध्या शहराचे फोटो केले मी. एका माणसानं तक्रार केली असेल तर नाव सांगा."

"जो कापला गेला तो तुमच्याकडे कशाला येईल? त्याच्याकडे फोटोच नाही."

 मी खोलीतला दिवा लावायला सांगितला आणि वाकून लेन्सच्या कडेवरचा आकडा वाचला. एकशे पाच मिलिमीटर.

आता ह्यात मी काही मोठी तज्ज्ञ नाही, पण वर्तुळ आणि आयत एवढं मला कळतं. शेल्फवर फिल्मच्या डब्याचं एक गोल झाकण पडलं होतं. ते मी पाकिटावर ठेवलं.

"हे बघा," मी म्हटलं. हे वाक्य म्हटलं की माझा आवाज आपोआप वर्गातला होतो. "लेन्स गोल आहे. तिच्यातून गोलच उजेड पडणार. आयत त्या गोलाच्या आत पूर्ण मावायला हवा. मग आयताचं कुठलं माप बघायचं? लांबी?"

"लांबी," मुलगा म्हणाला.

"चूक. कर्ण. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. चार आणि पाचचा कर्ण साडेसहाला थोडा कमी. हे झाकण पाच इंची आहे. लांबी झाकली जाते, कोपरे बाहेर राहतात. तुमच्या लेन्सचा गोलही एवढाच आहे. ही लेन्स ह्या यंत्राची नाही, स्टुडिओवाले. ही धाकट्याची आहे."

लेकीनं बापाकडे बघितलं. "बाबा, ती निळ्या डबीतली कुठेय?"

"कुठली?"

"तुम्हाला माहितेय कुठली."

खणात सगळ्यात तळाशी, जुन्या पावतीपुस्तकांच्या खाली डबी निघाली. आत मऊ कापडात गुंडाळलेली लेन्स, काचेवर ओरखडा नाही. आकडा एकशे पन्नास.

"ही लांबची आहे," स्टुडिओवाले जरा खालच्या आवाजात म्हणाले. "चित्र लहान पाडते. मोठं हवं तर डोकं फार वर न्यावं लागतं. आणि वर छत आहे."

त्यांनी वर दाखवलं. छताच्या गिलाव्यात, यंत्राच्या बरोबर वर, चंद्रकोरीसारखा खड्डा पडला होता. पहिल्याच दिवशी, चाळीस वर्षांपूर्वी, त्यांनी डोकं वर चढवलं आणि ते छताला धडकलं. छत उंच करता येईना. मग त्यांनी धाकट्याची लेन्स थोरल्याला लावली. कमी उंचीत मोठं चित्र मिळालं, कोपरे गेले, आणि गेलेले कोपरे झाकायला कातरयंत्र आलं. पुढे ती पद्धतच झाली. गिऱ्हाइकाला उभं करतानाच ते म्हणायचे, आत सरका, कडेला कोणी नको.

हे ऐकून मला त्यांचा राग आला नाही. मी तरी काय केलं होतं? माझ्या सोयीसाठी शांत मुलं टोकाला उभी केली होती. फरक इतकाच, की मला ते आता पुसायचं नव्हतं.

"लावा ती," मी म्हटलं.

लांब लेन्स लावली, डोकं छताला टेकवलं. चित्र पाटीएवढंच पडलं, पण चारही कोपरे लख्ख. डाव्या टोकाला दोन वेण्यांची एक मुलगी हात अंगाला चिकटवून उभी होती. मी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. तिचं नाव काही केल्या आठवेना. सरांनी धरलेल्या दोन कार्ट्यांची मात्र आजोबांपर्यंत नावं मला येत होती.

"आपलं छतही एवढंच आहे," मुलगा म्हणाला. तो बिचारा समजुतीनंच बोलत होता. "आई, मोठं यंत्र घे, माझं काही म्हणणं नाही. पण लेन्स ती आखूडच ठेव. बाबांनी मोजलंय, सात फुटांत तीच जेमतेम बसते. लांब लेन्सला वीस-चोवीसला आठ फूट लागतील. साधं गणित आहे."

"गणित बरोबर आहे."

"मग?"

"मोठं घेते. लांब लेन्ससकट. आखूड लेन्स घरात आणायचीसुद्धा नाही. आणली तर आठव्या दिवशी मीच थकून ती लावीन."

"अगं पण मावणार कुठे?"

"ते मी बघते."

"म्हणजे आधी हत्ती घ्यायचा, मग दार मोजायचं," हे म्हणाले.

"तुम्ही लग्नाआधी माझी उंची मोजली होती का?"

स्टुडिओवाले पहिल्यांदा हसले.

दोन हमालांनी यंत्र शुक्रवारी आणून खोलीत उभं केलं. टेबल बाहेर काढलं, खालची फळी सरळ फरशीवर ठेवली, तेव्हा कुठे डोकं माळ्याखाली मावलं. म्हणजे चित्र पडणार जमिनीवर आणि मी काम करणार गुडघ्यांवर. मी उशी घेतली आणि बसले. पाच मिनिटं छान गेली. मग उठायला गेले तर उठता येईना. ह्यांना हाक मारली. हे आले, वाकले, आणि ह्यांचीच कंबर धरली. दोघंही खोलीत अडकून बसलो. शेवटी दाराला धरून आधी हे उठले, मग ह्यांना धरून मी.

संध्याकाळी मुलानं गुडघ्याला लावायचं मलम आणून ठेवलं. "झालं समाधान?"

"नाही."

"आई, कोणी तुला काही म्हणणार नाहीये. दोन मुलं कमी आली फोटोत म्हणून कोण…"

"मीच म्हणणार आहे," मी म्हटलं. "तू त्या खोलीत आता फक्त काम सांगितलं तर यायचं."

तो गेला. मी काही रागानं बोलले नव्हते, पण त्याला लागलं असावं. मला माझं असं वाटत होतं की हरण्याच्या वेळी माणसाला आधी समजूतदार लोक भेटतात. विरोध करणाऱ्यांशी भांडता तरी येतं.

चार दिवस असेच गेले. फळीखाली विटा लावून पाहिल्या, खुर्चीचे पाय कापायचा विचार केला, ह्यांनी तर माळाच काढून टाकायचं सुचवलं. पाचव्या दिवशी मी यंत्र नुसतं पुसत बसले होते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच सांगायचे, उदाहरण सुटत नसलं तर आकृती पुन्हा एकदा काढ, नीट. पुसताना हाताला लागलं की डोकं जिथे खांबाला जोडलंय तिथे काळ्या रंगाच्या थराखाली एक मोठा षटकोनी नट आहे, आणि त्याच्या भोवती वर्तुळात बारीक खुणा. खुणा कशाला असतील? जे वळतं त्यालाच खुणा लागतात.

मी स्टुडिओवाल्यांना फोन लावला. "तुमच्या यंत्राची मान वळते का?"

 ते म्हणाले, "वळते असं त्याच्याबरोबरच्या कागदात लिहिलं होतं. भिंतीवर चित्र पाडता येतं म्हणे. मी कधी वळवली नाही."

"का?"

"फोटो खालीच करायचा असतो, बाई. माझ्या वडिलांनी खालीच केला." मग म्हणाले, "वळली तर मला कळवा."

नट गंजून बसला होता. ह्यांनी आपल्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, ती लांब नळीची, आणि सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडायला लागले. कोणी बाळाला औषध पाजावं तसं. "असं धसमुसळं नाही करायचं," मी पाना मारायला गेले की म्हणायचे, "तेलाला आपला वेळ घेऊ दे." तिसऱ्या दिवशी करकर झाली आणि त्या जड डोक्यानं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मान फिरवून समोरच्या भिंतीकडे बघितलं.

आता उंचीचा प्रश्नच उरला नाही. खोली आडवी आठ फूट होती. मला नीट उभं राहून, समोर बघून काम करता येणार होतं.

मुलाला हाक मारली. "काम आहे."

तो दारात आला, यंत्राकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.  दुपारी पत्र्याचं एक मोठं पान आणि ड्रिल घेऊन आला. चार भोकं पाडून पत्रा भिंतीवर पक्का केला आणि खिशातून मूठभर लोहचुंबक काढून माझ्या हातात दिले. "कागद धरायला," तो म्हणाला. पत्र्याचं मी सांगितलं होतं. चुंबक त्याच्या डोक्यातून आले होते.

एन्लार्जर भिंतीला अगदी समोरासमोर असावा लागतो. जरा तिरका झाला की चित्राची एक बाजू फुगते. ह्यांनी टेप घेऊन पडलेल्या चित्राचे दोन्ही कर्ण मोजले आणि विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "दोन्ही सारखे. आयत झाला."

"समद्विभुज समलंबाचेही कर्ण सारखेच असतात. बाजू मोजा."

"म्हणजे काय ते बाहेर येऊन सांग, इथे अंधारात नको." तरी मोजल्या. डावी बाजू उजवीपेक्षा दोन दोरे, म्हणजे पाव इंच, जास्त भरली. यंत्राच्या एका पायाखाली आधी पुठ्ठा घातला, मग पोस्टकार्ड, मग ते पोस्टकार्ड काढून एक वहीचं पान. चारही बाजू जुळायला एक अख्खी दुपार गेली. पन्नास वर्षं ज्यांनी माझं भूमितीचं बोलणं एका कानानं ऐकलं, ते त्या दुपारी स्वतःहून म्हणाले, "अजून एकदा मोजू, मला खात्री नाही."

आठ तारखेला खिडकीला काळा कागद लावून लाल दिव्यात काम सुरू केलं. एवढ्या मोठ्या कागदाला फोटोचे ट्रे कुठे मिळणार? कुंड्यांखाली ठेवायचे प्लास्टिकचे मोठे ट्रे आणले. पहिला कागद काळा झाला. दुसरा फिका. तिसऱ्याला उजेड बेताचा मिळाला, पण तो औषधात पूर्ण बुडला नाही आणि मधोमध एक डाग उमटला, नेमका सरांच्या कपाळावर. चौथा मी स्वतः दोन्ही हातांनी बुडवला. आधी केस आले, मग डोळे, मग सदऱ्यांच्या बाह्या. मग पाठीमागची भिंत. सगळ्यात शेवटी कोपरे भरले. मला उगाच धाकधूक होती की ते येणारच नाहीत. आले.

दहा तारखेला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून, चादरीत गुंडाळून, मुलाच्या गाडीत आडवा ठेवून नेला. भिंगरीनं शाळेच्या दोन शिपायांकडून तो पॅसेजमध्ये धरवला आणि लांब जाऊन उभा राहिला. आधी स्वतःला शोधलं. सगळेच तसं करतात. सरांच्या हातातला कान बघून हसला. मग हळूहळू जवळ येत गेला, डाव्या टोकाकडे.

"ही आमची शाई," तो म्हणाला.

"कोण?"

"वेण्यावाली. शाई म्हणायचो आम्ही तिला, बोटं नेहमी निळी. बाई, हिच्या वहीवरून मी चार वर्षं गणितं उतरवली."

"म्हणजे मी तुला जे गुण दिले ते तिचे होते."

"थोडे माझे होते. अक्षर माझं होतं." त्यानं चष्मा काढून पुसला. "मला वाटलं होतं टोकाला कोणी आठवणीतलं नसेल. हा तिच्या मागचा, हा दगड होता. फळा पुसायचा रोज, कोणी न सांगता. बाई, तुम्हाला ह्यांची नावं आहेत लक्षात?"

"नाहीत," मी म्हटलं. "म्हणूनच तर मोठे केलेत."

तो बराच वेळ टोकापाशीच उभा राहिला. शिपायांचे हात दुखायला लागले तसा एक जण म्हणाला, "साहेब, खाली ठेवू का?"

"थांब." तो भिंतीकडे वळला आणि हिशेब करायला लागला. चौरस फ्रेमा असत्या तर सव्वीस मावल्या असत्या. चोवीस इंच रुंदीच्या आहेत म्हटल्यावर पॅसेज संपत होता आणि सहा वर्षं उरत होती. "बाई, वीस लावू? बाकीची आत लायब्ररीत."

"कुठली सहा वर्षं आत पाठवायची, ते तू त्या मुलांना फोन करून सांग."

"मग जागाच एक उरते." त्यानं जिन्याच्या बरोबर समोर बघितलं. तिथे देणगीदारांच्या नावांचा पितळी फलक होता, चौदा फूट लांब, रोज पुसलेला. "तो हलवला तर ट्रस्टी मला खातील."

"खाऊ देत. तुला सवय आहे कान धरून घ्यायची."

त्यानं मोठा श्वास घेतला. मग खिशातून टेप काढला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो फलकाच्या पलीकडे चालत गेला. "सरळ धरा, बाई," तो म्हणाला, "सुतार अकरा वाजता येतो."